लहान मुलं, पुस्तकं आणि वेगवेगळे धर्म : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्या सोसायटीच्या पार्किंगला लागून एक रिकामी खोली होती. तिथे मी मुलांचं छोटं वाचनालय चालवते. शनिवारी संध्याकाळी गोष्टी असतात, मुलं तीन ते आठ वर्षांची. एका सुट्टीत ‘कोणाच्या घरी काय’ अशी फळी लावली : ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, नवरोज, गुरुपुरब, सगळी पुस्तकं एका ओळीत. तेव्हापासून पुस्तकं कमी आणि प्रश्न जास्त येतात. काही दारात उभ्या उभ्या विचारले जातात, काही रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. तेच इथे लिहून ठेवते.

मूल जेमतेम चार वर्षांचं आहे. एवढ्यात धर्म कशाला?

‘धर्म’ हा शब्द त्या वयाच्या मुलाशी बोलताना मी वापरतच नाही. त्याला दिसतं ते एवढंच की खालच्या मजल्यावरची काकू एका सणाला शीरखुर्म्याचा डबा पाठवते, तिच्याकडेही चपला दाराबाहेर काढतात, आणि तिच्या घरात देव्हारा नाही. ही शेवटची गोष्ट मुलांना फार लवकर दिसते. “त्यांचा बाप्पा कुठेय?” हा प्रश्न तुमच्या घरात विचारून झाला असेल आणि बहुतेक “शू, असं विचारू नये” एवढ्यावर मिटला असेल. मूल त्यावरून शिकतं की इथे काहीतरी गडबड आहे. पुस्तकाचा उपयोग नेमका इथे होतो. चित्रातल्या घराकडे बोट दाखवून हवं ते विचारलं तरी कोणी ओशाळत नाही.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करू?

‘जगातले प्रमुख धर्म’ छापाच्या जाड, गुळगुळीत पुस्तकाने करू नका. त्यात एका पानावर एक धर्म असतो : चिन्ह, संस्थापक, ग्रंथ, सण. हा तक्ता स्पर्धा परीक्षेला ठीक आहे. मुलाला तक्त्यातलं कोणी भेटत नाही.

तीन-चार वर्षांसाठी असं पुस्तक शोधा ज्यात एक घर आहे, एक दिवस आहे आणि काहीतरी शिजतंय. चंद्र दिसायची वाट बघणारी मुलगी, लंगरच्या पोळ्या लाटणाऱ्या बायका, नाताळच्या आदल्या रात्री जागं राहायचा हट्ट धरून झोपून गेलेला मुलगा. पाचच्या पुढे गोष्टी. इथे जातककथांइतकं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींइतकं, सोपं दार दुसरं नाही. पाली जातकांत साडेपाचशेच्या आसपास, नेमक्या सांगायच्या तर 547 कथा आहेत आणि त्यातली माकड-मगरीची गोष्ट पंचतंत्रातही आहे. आमच्याकडे ती वाचली की कोणीतरी ओरडतंच, “ही माझ्याकडे आहे, ही माझ्या पुस्तकातली आहे!” मग ती दोघांच्याही पुस्तकात कशी, यावर पुढचा अर्धा तास जातो.

सासूबाई म्हणतात, आधी आपलं नीट कळू दे, मग दुसऱ्यांचं.

सासूबाई चुकीचं काही म्हणत नाहीत. ज्या मुलाला घरच्या गोष्टी माहीत नाहीत त्याला दुसऱ्यांच्या गोष्टी नुसत्या नवलाच्या वाटतात, ताडून बघायला हाताशी काही नसतं. पण ‘आधी’ आणि ‘मग’ असा क्रम लावला की ‘मग’ कधी उजाडत नाही. दोन्ही एकत्र चालू द्या.

आणि सासूबाईंनाच कामाला लावा. त्यांना नामदेव महाराजांचे अभंग पाठ असतील. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत आणि पंजाबातल्या घुमान गावी त्यांचं मोठं स्थान आहे, हे त्यांनीच नातवाला सांगावं. 2015 साली मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं होतं. पंढरपूरच्या नामदेवांपुढे पगडीवाले काका डोकं टेकवतात, ही गोष्ट ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. म्हणूनच ती मला आवडते.

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे एकदा सांगून टाकलं की झालं ना?

हे वाक्य मीही पहिली दोन वर्षं वापरलं. आता वापरत नाही. मोठ्यांना ते पोक्त वाटतं, मुलांसाठी मात्र ते झाकण आहे. समोर दिसणारा फरक मूल बोलून दाखवत असतं आणि आपण म्हणतो, फरक नाहीच.

एक उदाहरण सांगते. महापुराची आणि नावेची गोष्ट. ज्यूंच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या पुस्तकात त्या नावाड्याचं नाव नोहा, मुसलमानांच्या पुस्तकात नूह. माझ्याकडे दोन्हीकडची चित्रपुस्तकं होती, ती शेजारी शेजारी उघडून ठेवली. पहिल्यात मोठी पांढरी दाढी असलेला नोहा हत्तींना हाकारतोय. दुसऱ्यात नाव आहे, हत्ती आहेत, जिराफाची मान खिडकीतून बाहेर आली आहे, पण माणूस कुठेच नाही. सहा वर्षांच्या एका मुलाने पान उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, “दाढीवाले आजोबा पडले का पाण्यात?”

यावर ‘दोन्ही गोष्टी एकच आहेत’ असं सांगून काय मिळालं असतं? मी सांगितलं की मुस्लिम घरांत पैगंबरांची चित्रं काढत नाहीत. ज्यांना खूप मान द्यायचा त्यांचं चित्र काढायचं नाही, अशी त्यांची रीत. आपल्याकडे ज्यांना मान द्यायचा त्यांचा फोटो लावून हार घालतात. मान दोघांनाही द्यायचाय, रीत मात्र बरोबर उलटी. शेवटी एका मुलीने विचारलं, “मग त्यांना कळतं कसं, ते कसे दिसायचे?” मी म्हटलं, कळत नाही. ती म्हणाली, “आपल्याला पण कुठे कळतं, गणपती कोणी बघितलाय?” पुढे काही बोलायची मला गरज पडली नाही.

असे फरक ढिगाने आहेत आणि मुलांना ते आवडतात. बुद्धाच्या शिकवणीत जग निर्माण करणारा देव लागत नाही. जैन साधू-साध्वी गावोगाव पायी जातात, वाहनात बसत नाहीत. पारशी अग्यारीत अग्नी विझू देत नाहीत. आणि ईद दर वर्षी अलीकडे सरकते, दिवाळी मात्र आश्विन-कार्तिकातच येते, हे का? चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. आपण ती तूट साठवून सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालतो, इस्लामी कालगणनेत तो घालत नाहीत. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत. ज्यूंच्या पंचांगात पुन्हा अधिक महिना आहेच. आजोबांना घरचं कालनिर्णय काढायला सांगा. आठ वर्षांच्या मुलाला हे सहज कळतं, आणि आजोबांना धोंड्याच्या महिन्याबद्दल बोलायला निमित्त मिळतं.

पुस्तक चांगलं आहे हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

चित्रं बघा. त्यातली माणसं आजची आहेत का? मुस्लिम म्हटला की उंट, ख्रिस्ती म्हटला की बर्फ, बौद्ध म्हटला की डोंगरावरचा भिक्खू, असं असेल तर पुस्तक खाली ठेवा. आपल्या मुलाला भेटणारा बौद्ध मुलगा नागपूरला किंवा चेंबूरला राहतो, त्याच्या घरात बुद्धाशेजारी बाबासाहेबांची तसबीर असते आणि 14 ऑक्टोबर 1956 या बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या तारखेची गोष्ट त्याच्या आजीला तोंडपाठ असते. पुस्तकात त्याला जागा आहे का, ते बघा.

मग मजकुरातलं एखादं वाक्य वाचा. ‘हे लोक असं मानतात की’ या सुरात दुसऱ्यांबद्दल आणि ‘देवाने केलं’ या सुरात स्वतःबद्दल लिहिलेलं असेल, तर लेखकाने तराजूला अंगठा लावलाय. सूर दोन्हीकडे सारखाच हवा. शेवटची दोन पानंही आधी वाचून घ्या. गोष्ट बरी चाललेली असते आणि शेवटच्या पानावर ‘म्हणून हाच एक खरा मार्ग’ निघतो. फुकट वाटलेल्या पुस्तकांत हे हटकून सापडतं, मग वाटणारे कोणीही असोत.

मराठीत अशी पुस्तकं आहेत तरी का?

लहान मुलांसाठी कमी आहेत, ही खरी अडचण. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत सण आणि लोककथांची स्वस्त पुस्तकं मिळतात, पण दुकानात जुना साठा उपसावा लागतो. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे, तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता आणि छापता येतात. बाकी इंग्रजी, हिंदी पुस्तक आणून मराठीत सांगत जायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट सांगताना ‘हे आपल्या खिरीसारखं’ असं मध्येच घालता येतं. आम्ही पेन्सिलीने ओळीखाली मराठी लिहून ठेवतो, म्हणजे बाबांच्या पाळीला अडत नाही.

मोठ्यांनी स्वतः वाचावं असं मराठीत मात्र भरपूर आहे, आणि हे आपल्याला फारसं कोणी सांगत नाही. साने गुरुजींचं ‘इस्लामी संस्कृती’ आहे. विनोबांनी ‘कुराण सार’ आणि ‘ख्रिस्तधर्म सार’ अशी निवड केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. फार मागे जायचं तर फादर स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री गोव्यात आला, आपल्या पुराणांच्या थाटात मराठी ओव्यांमध्ये येशूची कथा रचली, आणि ते ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या शाळेत पाठ केलेले कितीतरी जण आहेत, पुस्तक कशाबद्दल आहे हे त्यातल्या फार थोड्यांना आठवतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहून संतांच्या मालिकेत बसले.

आणि बेने इस्रायली! कोकणात तेलाचे घाणे चालवणारे ज्यू, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनिवार तेली’. पेसाहच्या सणाला वाचायची त्यांची पोथी मराठी भाषांतरासह 1874 मध्ये पुण्यात छापली गेली. तिच्यात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. त्या चित्राची रंगीत झेरॉक्स मी फळीवर चिकटवली आहे. “ही तर आजी आहे,” असं दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं.

हे सगळं वाचून उद्या मुलाने धर्मच बदलला तर?

थट्टेत विचारलं जातं, पण विचारलं जातं. प्रामाणिकपणे सांगायचं तर एक उदाहरण मला माहीत आहे. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी. त्यांनी ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते त्यांच्या मनातून जाईना. 1899 मध्ये घर सोडलं, श्रीलंकेत जाऊन पाली शिकले, भिक्खू झाले, पुढे थेट हार्वर्डपर्यंत गेले आणि मराठीत बुद्धावर मूळ पालीतून लिहिलं. मुलांच्या मासिकातल्या एका लेखाने इतकं केलं! फक्त ते वाचलं तेव्हा ते मूल नव्हते, विशीतले संसारी गृहस्थ होते. तेव्हा काळजीच करायची तर आईबाबांची करा.

“यातला खरा देव कोणता?” असं विचारलं तर?

तुम्हाला जे वाटतं ते सांगा, फक्त ‘मला वाटतं’ हे शब्द गाळू नका. “मला असं वाटतं, आजीला तसं वाटतं, अमुक काकांना तिसरंच वाटतं.” पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. तो पुढच्या क्षणी डायनासोरांकडे वळतो. आपणच घामाघूम होऊन बसलेले असतो.

गोष्टींत रक्तपात फार असतो. क्रूस, कुर्बानी, शीख गुरूंची हौतात्म्यं. हे कसं वाचायचं?

आपल्या मुलांना आपण नरसिंहाने उंबऱ्यावर हिरण्यकश्यपूचं पोट फाडल्याचं चित्र दाखवतो आणि ती जेवतात. तेव्हा भीती बरेचदा रक्ताची नसते, अनोळखी रक्ताची असते. तरीही सहाच्या आधी येशूचा जन्म पुरे, क्रूस नंतर. क्रूस आलाच तर त्याच बैठकीत ईस्टरच्या सकाळपर्यंत, म्हणजे येशू पुन्हा उठतो तिथपर्यंत, जा, मध्ये पुस्तक मिटू नका. बकरी ईदबद्दल विचारलं तर सोपं, खरं उत्तर द्या : बकरा कापतात, मटणाचे वाटे करून नातेवाइकांना आणि गरिबांना देतात. ज्या घरात रविवारी मटण असतं तिथे मुलं यावर फार अडत नाहीत. शाकाहारी घरातली अडतात, रडतातही. रडू द्यावं.

वर्गात किंवा गटात त्या धर्माचं मूल असेल तर त्यालाच सांगायला लावावं का?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. नाताळच्या आठवड्यात गोष्ट वाचता वाचता वसईकडच्या कुटुंबातल्या सात वर्षांच्या मुलीकडे वळून मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, “हो ना गं? सांग बरं सगळ्यांना, तुमच्यात काय काय करतात!” सतरा माना तिच्याकडे वळल्या. तिने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, “मला नाही माहीत. मी मराठी आहे.”

दोन शनिवार ती आली नाही. तिच्या आईने एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. आता नियम असा की मूल आपण होऊन बोललं तर ऐकायचं, विचारायचं नाही. फार तर आईवडिलांना आधी वेगळं विचारायचं, आणि आले तर त्यांच्या हातात पुस्तक द्यायचं. अमेरिकेत किंवा लंडनमध्ये मुलं असलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या मुलांना दर दिवाळीला वर्गापुढे उभं केलं जातं, आणि ‘हत्तीचं डोकं का?’ याचं उत्तर सात वर्षांच्या पोराला द्यावं लागतं.

पुस्तक वाचून झाल्यावर प्रत्यक्ष कुठे न्यावं?

वेरूळ. एका डोंगरात 34 लेणी : पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, शेवटची पाच जैन. मुलांना फक्त एक काम द्या, मूर्तींचे हात आणि कपडे बघायचे. एकदम सगळी दाखवू नका, कैलास लेण्यानंतर पाय दुखतात.

गुरुद्वारा सगळ्यांत सोपा. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, पंगतीत बसायचं. वांद्र्याच्या मोत माउलीच्या चर्चला सप्टेंबरच्या जत्रेत गर्दी फार, एरवी न्या. अग्यारीत पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही, हे घरूनच सांगून निघा, बाहेर उभं राहून बघण्यातही मजा आहे. पुण्याच्या कॅम्पातल्या 1867 च्या लाल विटांच्या सिनेगॉगसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. पुणेकर त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात. मुंबईच्या 1796 च्या सिनेगॉगला खुद्द बेने इस्रायली ‘जुनी मशीद’ म्हणत आले. ज्यूंचं प्रार्थनास्थळ एका गावात देऊळ, दुसऱ्यात मशीद. मी हे मुलांना सांगते तेव्हा ती हसतात, मोठे गोंधळतात.

मी शिक्षिका आहे. शाळेत हे चालेल का? कोणी तक्रार केली तर?

संविधानाच्या 28 व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला प्रार्थनेला किंवा धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. पण धर्माची दीक्षा वेगळी आणि धर्मांची माहिती वेगळी. 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला आहे. व्यवहारात सांगायचं तर गोष्ट वाचा, पूजा मांडू नका. कुठल्याच धर्माची. आणि यादी मुख्याध्यापकांना आधी दाखवून सही घ्या, ही सही फार कामाला येते.

आम्ही देव मानत नाही. मग या पुस्तकांचं काय करू?

वाचा. शेजारी मानतात ना? फक्त वाचताना आवाजातला तुच्छतेचा सूर सांभाळा, मुलं तो शब्दांआधी उचलतात. हीच सूचना मी अतिधार्मिक घरांनाही देते.

पुस्तक फाटलं. देवाचं चित्र आहे, रद्दीत कसं घालू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि मला वाटतं तो सगळ्यांत चांगलाही आहे. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपली मुलं हे चटकन समजतात. अरबी आयती छापलेली जुनी पानं मुस्लिम घरांत कचऱ्यात जात नाहीत, पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. ज्यू लोक देवाचं नाव असलेले जीर्ण कागद वेगळे साठवतात आणि मग दफनभूमीत पुरतात. गुरु ग्रंथसाहिबाच्या जीर्ण प्रतींना शीख लोक अग्नी देतात. आपल्याकडे विसर्जन करतात. हे सांगताना मुलं इतकी गप्प बसतात की पंख्याचा आवाज येतो.

आमच्याकडे अशा पुस्तकांचा एक बुटांचा खोका आहे. सध्या त्यात चार आहेत : एक कृष्ण, एक येशू, एक गुरु नानक, आणि कव्हर नसल्यामुळे ओळखू न येणारं एक. मुलांचं म्हणणं, आधी चिकटवून बघू. सेलोटेप संपला आहे, शनिवारी येताना कोणीतरी आणा.